हसण्यापूर्वी चित्र वाचावे

मोबाईल घरात आला तेव्हा तो बोलण्यासाठी आला होता. आता तो बोलण्यापेक्षा दाखवण्याचे काम अधिक करतो. सकाळी डोळा उघडावा तर नातेवाइकांच्या गटात चार-पाच चित्रे येऊन पडलेली असतात. एखाद्या सिनेमातला प्रसंग, एखादे रडके मूल, एखादे मांजर, एखादा पुढारी आणि त्यावर दोन ओळी. चित्र तेच असते, ओळी मात्र रोज नव्या. यालाच आजची तरुण मुले ‘मीम’ म्हणतात. दोन सेकंदांत ते पाहून होते, तिसऱ्या सेकंदाला हसू येते आणि चौथ्या सेकंदाला ते दुसऱ्याकडे रवानाही झालेले असते. एवढ्या घाईत विचाराला जागा कोठे राहणार?

आम्ही उभयता आता निवृत्त आहोत. एकीचे आयुष्य शाळेत मराठी शिकवण्यात गेले, दुसऱ्याचे पोस्टात टपाल वेगळे करण्यात. मुलगी जनसंवाद विषयात एम. ए. करते आहे. समाजातली चित्रे, जाहिराती, सिनेमे यांमागे कोणती सत्ता काम करते, हे शोधून काढणारा एक विषय तिला अभ्यासाला आहे. त्याची पुस्तके इंग्रजीत. रात्रीची जेवणे आटोपली की ती वाचलेले आम्हाला मराठीत सांगते आणि आम्ही शंका काढतो. तिच्या परीक्षेची तयारी म्हणून सुरू झालेला हा प्रकार पुढे आमच्या घरचा अभ्यासवर्गच होऊन बसला. त्यातून जे हाती लागले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत. कारण विषय थट्टेचा दिसला, तरी तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

प्रथम शब्दाविषयी. ‘मीम’ हा शब्द मोबाईलच्या फार आधीचा आहे. रिचर्ड डॉकिन्स या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली ‘द सेल्फिश जीन’ या पुस्तकात तो प्रथम वापरला. अनुकरण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी तो बेतला. त्यांचे म्हणणे असे की, जनुके जशी आपल्या नकला काढत एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जातात, तशाच गाण्याच्या चाली, तोंडी बसलेली वाक्ये, कपड्यांच्या तऱ्हा या एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जातात. घरात एकाला खोकला झाला की सगळ्यांना होतो, तसेच काहीसे.

आमच्या घरातल्या शिक्षिकेने येथेच पहिली हरकत घेतली. खोकला आपण निवडत नाही. चित्र मात्र कोणीतरी निवडतो, त्यावरच्या ओळी बदलतो आणि बोटाने दाबून पुढे पाठवतो. मग त्याला रोगाची उपमा कशी चालेल? मुलगी हसून म्हणाली, “आई, नेमकी हीच हरकत लिमोर शिफमन या इस्रायली अभ्यासक बाईंनी घेतली आहे.” शिफमन यांचे मीमवरील पुस्तक २०१४ सालचे. माणसे म्हणजे मीम वाहून नेणारी निर्जीव भांडी नव्हेत, ती विचारपूर्वक त्यात भर घालतात, असे त्या मांडतात. आणखी एक मोलाची गोष्ट त्या सांगतात. एकटे चित्र म्हणजे मीम नव्हे. एकमेकांची जाण ठेवून केलेल्या अशा अनेक चित्रांचा मिळून मीम होतो.

हे ऐकून आम्हाला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. पहिला चरण ठरलेला, पुढे जिची तिची भर. एकीने म्हटलेली ओवी दुसरी उचलते, आपल्या घरचे सुखदुःख त्यात घालते आणि ओवी पुढच्या गावाला जाते. हेमा राईरकर आणि गी पोइट्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत आपल्या आयाबायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. त्यांना पोहोचायला छापखाना लागला नाही की टपाल लागले नाही. तेव्हा चालते-बोलते साहित्य एकमेकांकडे पाठवण्याची रीत आपल्याला नवी नाही. फरक एवढाच की, ओवी म्हणणारी बाई समोर बसलेली असे. मीम कोणी केला ते कळत नाही.

आता चित्र वाचायचे कसे, हा प्रश्न. येथे आम्हाला रोलां बार्थ हे फ्रेंच विचारवंत उपयोगी पडले. १९५७ साली त्यांचे ‘मिथॉलॉजीज’ हे पुस्तक निघाले. कुस्ती, कपडे धुण्याची पावडर, मुलांची खेळणी अशा रोजच्या गोष्टींवरचे छोटे छोटे लेख त्यात आहेत. त्यातल्या शेवटच्या दीर्घ लेखात ते सांगतात की, न्हाव्याच्या दुकानात बसले असता त्यांच्या हाती ‘पारी-माच’ या सचित्र साप्ताहिकाचा अंक आला. मुखपृष्ठावर काळ्या वर्णाचा एक मुलगा, अंगावर फ्रेंच सैनिकी गणवेश, नजर वर लावून सलाम करतो आहे. वरवर एवढेच. पण चित्र सांगते ते निराळेच. फ्रान्सचे साम्राज्य किती थोर, त्याची सर्व वर्णांची लेकरे किती निष्ठेने त्याची सेवा करतात, असे ते सांगते. त्याच सुमारास अल्जीरियात, १९५४ पासून, फ्रेंच सत्तेविरुद्ध युद्ध पेटले होते.

चित्रात खोटे काहीच नाही. मुलगा खरा, गणवेश खरा, सलामही खरा. तरीसुद्धा ते चित्र खोटी साक्ष देते. कारण त्या मुलाच्या मुलखात फ्रेंच कसे शिरले, त्याला गणवेश कोणी घातला, हा सारा इतिहास चित्रातून काढून घेतलेला आहे. इतिहासाने घडवलेली गोष्ट निसर्गाने दिलेली वाटू लागते, हे या करामतीचे वर्म आहे, असे बार्थ सांगतात. खरे म्हणजे हे समजायला आपल्याला फ्रान्सला जाण्याची गरज पडू नये. ‘हे असेच चालत आले आहे’ हे वाक्य आपल्या वाडवडिलांनी किती पिढ्या ऐकले!

चित्र रिकामे करून त्यात दुसराच माल कसा भरतात, याचे अलीकडचे ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. मॅट फ्युरी नावाच्या चित्रकाराने २००५ साली एका चित्रमालिकेत ‘पेपे’ नावाचा बेडूक काढला. हा बेडूक मित्रांबरोबर खोलीत राहणारा, आळशी, निरुपद्रवी प्राणी. अनामिक तरुणांनी त्याला उचलले. कधी रडका केला, कधी कुत्सित हसणारा केला. तोवर गंमत होती. पुढे वंशद्वेष्ट्यांनी त्याच बेडकाला हिटलरच्या मिशा आणि नाझी गणवेश चढवला. २०१६ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेने द्वेषाच्या चिन्हांच्या यादीत त्याची नोंद केली. बहुतेक लोक तो द्वेषासाठी वापरत नाहीत, हेही त्या संस्थेने नमूद केले. फ्युरी यांनी २०१७ साली आपल्या चित्रकथेत बेडकाला मेलेला दाखवला, पण तो काही मेला नाही. शेवटी ते कोर्टात गेले. २०१९ साली ‘इन्फोवॉर्स’ या कंपनीने बेडकाचे चित्र असलेल्या भित्तिपत्रकाच्या विक्रीबद्दल त्यांना पंधरा हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवले. आणि त्याच २०१९ साली हाँगकाँगमध्ये लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरलेल्या तरुणांनी हाच बेडूक भिंतीभिंतीवर आपले चिन्ह म्हणून लावला!

एकाच बेडकाची ही तीन रूपे. चित्राचा अर्थ चित्राच्या पोटात कायमचा शिवून ठेवलेला नसतो. ते कोणाच्या हातात आहे, कोणाविरुद्ध आहे, कोणत्या मुलखात आहे, यावर तो ठरतो. शिवाय थट्टेला एक ढाल असते. लोक हसले तर विष पसरते. कोणी आक्षेप घेतला तर ‘अहो, गंमत केली’ म्हणून मोकळे होता येते. सरळ शिवी देणाऱ्याला जबाब द्यावा लागतो, विनोद करणाऱ्याला कोणी पुरावा मागत नाही.

चित्र पाहणाऱ्यांतही भेद असतात. हे सांगणारे स्टुअर्ट हॉल आम्हाला विशेष जवळचे वाटले. त्यांचा जन्म १९३२ साली जमैका बेटावर, किंग्स्टनला झाला. रंगाच्या उतरंडीत अडकलेल्या त्या घरात ते सर्वांत काळे होते आणि त्याची बोच त्यांनी पुढे बोलून दाखवली आहे. १९५१ साली ते शिकायला इंग्लंडला गेले आणि बर्मिंगहॅम विद्यापीठातील संस्कृती-अभ्यासाच्या केंद्राचे पुढे प्रमुख झाले. दूरचित्रवाणीविषयी १९७३ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी वाचण्याचे तीन प्रकार सांगितले. पाठवणाऱ्याला जो अर्थ हवा तोच निमूट घेणे हा पहिला. थोडा घेणे, थोडा आपल्या अनुभवाप्रमाणे बदलणे हा दुसरा. आणि पाठवणाऱ्याचा डाव ओळखून त्याच्या उलट बाजूने वाचणे हा तिसरा.

आपल्या समाजाला या तीन वाचनांचा अनुभव फार जवळून आलेला आहे. शंकर यांचे १९४९ सालचे व्यंगचित्र वाचकांना आठवत असेलच. राज्यघटना नावाच्या गोगलगाईवर बाबासाहेब बसलेले, मागे पंडित नेहरू हातात चाबूक घेऊन उभे आणि लोकांची गर्दी बघते आहे. ते चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात होते आणि २०१२ च्या मे महिन्यात त्यावरून संसदेत गदारोळ झाला. पुस्तक करणाऱ्यांच्या मते चित्राचा विषय घटनेच्या कामाला लागलेला वेळ हा होता. आपल्या लोकांना मात्र आधी चाबूक दिसला. ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या पाठीवर तो प्रत्यक्ष उमटलेला आहे, त्यांना तो आधी दिसावा यात नवल कसले? त्याच दिवसांत पुण्यात एका प्राध्यापकांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. ते आम्हाला मान्य नाही. मोडतोडीने चित्राचा अर्थ बदलत नाही. तो बदलतो वाचनाने.

उलट बाजूने वाचायचे म्हणजे चित्रातून काय वगळले ते शोधायचे. घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ची. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समिती नेमली गेली २९ ऑगस्ट १९४७ ला आणि घटना स्वीकारली गेली २६ नोव्हेंबर १९४९ ला. म्हणजे मसुदा समितीच्या वाट्याला सव्वादोन वर्षेही पुरती आली नाहीत. समितीतले कोणी राजीनामा देऊन गेले, कोणाचे निधन झाले, कोणी दूर राहिले आणि अखेर सारा भार डॉ. आंबेडकरांवर पडला, असे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीतच सांगितले होते. हे सारे समजल्यावर चित्रातली गोगलगाय कोणाची, हा प्रश्न निराळा होतो.

पुढे उन्नमती श्याम सुंदर या व्यंगचित्रकार-अभ्यासकाने १९३२ ते १९५६ या काळातील इंग्रजी वृत्तपत्रांतून बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे शोधून २०१९ साली ‘नो लाफिंग मॅटर’ या ग्रंथात एकत्र छापली. एकेक चित्र सुटे पाहिले तर माणूस थट्टा म्हणून सोडून देईल. शंभर चित्रे शेजारी शेजारी ठेवली की त्यातली पद्धत दिसू लागते. शिफमन बाई म्हणतात तेच हे. एकटे चित्र वाचून भागत नाही, त्याची सारी भावंडे समोर मांडावी लागतात.

आमच्या घरापर्यंत हा विषय आला तो पुतणीमुळे. ती दुसऱ्या गावी वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. एके रात्री तिचा फोन आला. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणीतरी मीम टाकला होता. शस्त्रक्रियेच्या टेबलावर घामाघूम झालेला रुग्ण, बाजूला डॉक्टर आणि वर ओळ अशी की, हा डॉक्टर राखीव जागेतून आलेला आहे. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. पोरीचा आवाज दाटला होता. “मोठी आई, हसले नाही तर ‘तुला का लागलं?’ म्हणून विचारतात. हसले तर मी मलाच हसल्यासारखं होतं. गट सोडला तर नोट्स मिळायच्या बंद होतात. करू काय?”

त्या रात्री आम्ही तिला ‘दुर्लक्ष कर’ असे सांगितले नाही. फोन चालू ठेवून सगळ्यांनी मिळून ते चित्र वाचले. चित्रातून काय काय काढून घेतले आहे, ते एकेक करून कागदावर लिहिले.

राखीव जागा असते ती प्रवेशाच्या दारावर. एम.बी.बी.एस.ची परीक्षा सर्वांना एकच आणि उत्तीर्ण होण्याची अटही एकच. ती परीक्षा चित्रातून गायब आहे. खासगी महाविद्यालयांत व्यवस्थापन कोटा आणि अनिवासी भारतीयांचा कोटा असतो, तेथे भरमसाट शुल्क भरावे लागते. पैशाच्या जोरावर आलेला तो डॉक्टर या टेबलाशी कधीच उभा नसतो. कोणाला लहानपणापासून शिकवणी होती आणि कोण घरात शिकलेली पहिलीच पिढी, हेही चित्रात नाही. आमच्या पोस्टमन-घराण्यातल्या माणसाने आणखी एक गोष्ट हेरली. रुग्ण नेहमी त्यांच्यातला, भीती नेहमी त्यांची. आपल्या वस्तीतली बाई सरकारी दवाखान्यात ओळीने उभी असते, आपल्याकडे डॉक्टर कसा बघेल याची तिला वाटणारी भीती काढणारा चित्रकार मात्र अजून भेटलेला नाही.

आणि पुरावा? अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय रेल्वेची १९८० ते २००२ या वर्षांची आकडेवारी तपासून २०१४ साली निबंध प्रसिद्ध केला. राखीव जागांतून आलेल्या कर्मचाऱ्यांमुळे कामाची उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट वरच्या श्रेणीच्या पदांबाबत काहीसा चांगलाच परिणाम दिसला. पण आकडेवारीला हसरा चेहरा नसतो, म्हणून ती गटागटांतून फिरत नाही.

पुतणीने त्या गटात मोठे भाषण लिहिले नाही. एकच प्रश्न टाकला, “या डॉक्टरची फायनलची परीक्षा वेगळी होती का?” बराच वेळ शांतता. मग एकाने लिहिले, “अगं, जोक होता.” तिने लिहिले, “हो, म्हणूनच विचारते, हसायचं नेमकं कशाला?” त्यावर उत्तर आले नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलीने तिला ग्रंथालयात एका बाजूला घेतले आणि हळूच विचारले, “तूपण आपल्यातलीच का?” त्या मुलीनेही आदल्या दिवशी हसरा चेहरा टाकला होता. का टाकला असेल, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. वर्गात आपण किती आहोत हे एकमेकींना कळू न देणे, हेही त्या चित्राचे काम होते.

हे शस्त्र उलटेही चालते. आज आपली तरुण मुले त्याच चौकटी उचलून त्यांत आपल्या ओळी भरतात आणि जातीच्या गर्वावर असे बोट ठेवतात की, पाहणाऱ्याला हसता हसता अंतर्मुख व्हावे लागते. हॉल यांचे तिसरे वाचन ते नुसते करत नाहीत, तर लिहूनही दाखवतात. याचे आम्हाला कौतुक आहे.

तथापि, हीच पट्टी आपल्या घरच्या चित्रांनाही लावली पाहिजे. आपल्या नातेवाइकांच्या गटांत बायकोच्या बडबडीवर, सुनेच्या आळसावर, मुलीच्या सावळ्या रंगावर किती मीम येतात ते मोजून पाहावे. वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या बाईकडे वळून बघणारा पुरुष आणि त्याच्याकडे रागाने पाहणारी त्याची मैत्रीण, हे जगभर गाजलेले छायाचित्र बहुतेकांनी पाहिले असेल. एका स्पॅनिश छायाचित्रकाराने काढलेले ते चित्र. स्वीडनमधील एका इंटरनेट कंपनीने नोकरभरतीच्या जाहिरातीत ते वापरले. जुनी नोकरी म्हणजे ती रागावलेली मैत्रीण आणि आमची कंपनी म्हणजे ती नवी बाई, असा भाव. २०१८ साली तेथील जाहिरातविषयक लोकपालाने ही जाहिरात स्त्रियांना कमी लेखणारी ठरवली. स्त्रिया म्हणजे एकीच्या जागी दुसरी घ्यावी अशा वस्तू आहेत, असे ती सुचवते, हा त्यामागचा मुद्दा. दुसऱ्याने आपल्यावर केलेल्या विनोदात जात दिसते, मग आपण आपल्या लेकी-सुनांवर केलेल्या विनोदात स्त्रीचा अपमान का दिसू नये?

म्हणून आमच्या घरी आम्ही चार प्रश्न ठरवून घेतले आहेत. या चित्रात हसतो कोण आणि कोणाला हसायचे आहे? चित्रातून कोणता इतिहास काढून घेतला आहे? याच जातीची आणखी दहा चित्रे शेजारी ठेवली तर काय दिसते? आणि ज्याच्यावर हा विनोद आहे तो माणूस समोर बसला असता तर आपण हे दाखवले असते का? आठवड्यातून एकदा रात्रीच्या जेवणानंतर एकच चित्र घ्यायचे आणि लहानमोठ्यांनी मिळून ते वाचायचे. याला एम. ए. लागत नाही. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा यात उत्तम बोलते, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिला पुस्तकाशिवाय ठाऊक असते.

मुलांच्या हातातून मोबाईल काढून घेणे आता शक्य नाही आणि इष्टही नाही. त्यांची सारी विद्या आज त्यातूनच येते. पण एकोणीस वर्षांच्या पोरीला वसतिगृहाच्या खोलीत एकटीला असे चित्र पाहावे लागते, तेव्हा ते वाचायला घरातली चार माणसे फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेली असावीत, एवढे तरी आपण करू शकतो. पुतणीचा फोन आता दर शनिवारी येतो. ग्रंथालयात भेटलेली ती मैत्रीणही तिच्या शेजारी बसून ऐकत असते. मागच्या शनिवारी त्या दोघींनी मिळून एक चित्र निवडून ठेवले होते आणि प्रश्न आम्हाला विचारले.